उपनगरातल्या हायस्कुलांचा इतिहास : जनरल रजिस्टर, फोटो आणि आठवणी

कालवाकाठ :

पुण्यातल्या शाळांचा इतिहास म्हटलं की आपली गाडी पेठांच्या बाहेर पडतच नाही. १८४८ ची भिडे वाड्यातली फुले दांपत्याची शाळा, १८६० ची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी, १८८० चं न्यू इंग्लिश स्कूल, १८८३ चं नूमवि, १८८४ ची हुजूरपागा. या शाळांच्या शताब्द्या झाल्या, स्मरणिका निघाल्या, लेख आले. ते व्हायलाच हवं होतं. पण हडपसर, मुंढवा, औंध, खडकी, येरवडा, वारजे, धनकवडी इथल्या हायस्कुलांचं काय? शेतकऱ्यांची, कामगारांची, दुष्काळात गाव सोडून आलेल्यांची पहिली मॅट्रिक झालेली पिढी या शाळांतून बाहेर पडली. तिच्याबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडत नाही.

मी हडपसर भागातल्या एका हायस्कुलात शिकले. आम्ही काही माजी विद्यार्थी शाळेचा इतिहास गोळा करतोय. त्यासाठी मुख्याध्यापकांनी शाळेचं जुनं दप्तर, म्हणजे नोंदवह्या आणि कागदपत्रं, बघायची परवानगी दिली, आणि तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष लागत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या भागातल्या गावांत प्राथमिक शाळा जुन्या. आजोबांच्या तोंडी ती ‘लोकल बोर्डाची शाळा’ असायची. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि ती जिल्हा परिषदेची झाली. सातवीला फायनलची परीक्षा. व्हर्नाक्युलर फायनल झालेला माणूस शिक्षक व्हायचा, तलाठी व्हायचा, गावात त्याला मान असायचा. पुढे शिकायचं तर पुणं गाठायला लागायचं. मांजरी, लोणीकडची मुलं दौंड लाइनच्या गाडीने जायची, बाकीची सायकलवर किंवा पायी. मुलींचा प्रश्नच नव्हता, त्यांचं शिक्षण सातवीला संपायचं. पुष्कळींचं चौथीलाच.

हे बदललं ते संस्थांनी गावोगाव हायस्कुलं काढली तेव्हा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. हडपसरचं साधना विद्यालय तिचंच. बाबुराव घोलपांचं पुणे जिल्हा शिक्षण मंडळ १९४१ चं. संस्थेचं नाव, सरकारचं अनुदान आणि गावाची जागा या तिन्ही गोष्टी जमल्या की हायस्कूल उभं राहायचं. आधी आठवीचा एकच वर्ग, तोही देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या वाड्यात. पुढच्या वर्षी नववी, मग दहावी, अशी शाळा वर चढत गेली. खोल्या बांधायला कुणी वाळू दिली, कुणी बैलगाड्या लावल्या, कुणी गुऱ्हाळाच्या हंगामात गुळाच्या ढेपांमागे वर्गणी दिली. आमच्या शाळेच्या जुन्या वर्गणी वहीत रुपयांच्या शेजारी ‘दोन गाड्या दगड’ असंसुद्धा लिहिलेलं आहे.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. जनरल रजिस्टर. लाल कापडी पाठीचं, उघडलं की अख्खं टेबल व्यापणारं. नोंद क्रमांक, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. मी फक्त जन्मस्थळाचा रकाना वरून खाली वाचत गेले. सुरुवातीची पानंच्या पानं हडपसर, फुरसुंगी, मांजरी, मुंढवा, लोणी काळभोर. साठच्या दशकात मुंढवा-हडपसरला कारखाने आले तशी मध्येमध्ये कराड, वाळवा, खटाव दिसायला लागतात. १९७२ च्या दुष्काळानंतरची पानं उघडली की करमाळा, बार्शी, आष्टी, पाटोदा, भूम. कुठल्या वर्षी कुठलं गाव रिकामं झालं ते कारकुनाच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘एस.एस.सी. पास’, ‘वडिलांची बदली’ असतं. मग एकदम ‘शेतीकामासाठी’, ‘घरी कोणी नाही’, ‘परिस्थितीमुळे’. ‘परिस्थितीमुळे’ हा शब्द लिहिणाऱ्या कारकुनाने त्या मुलाची लाज राखली असं मला वाटतं.

शाळेच्या दिवसांबद्दल लिहायचं तर आमच्याकडे वर्षाची खरी सुरुवात पालखीने व्हायची. जूनमध्ये शाळा भरते न भरते तोच दोन्ही पालख्या हडपसरला यायच्या. इथून माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडकडे वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते. आदल्या दिवशी बाकं व्हरांड्यात रचून वर्ग झाडून घ्यायचे, वारकऱ्यांना टेकायला. आम्ही मुली हौदावर पाणी द्यायला. नवीन गणवेश पहिल्यांदा चिखलाने भरायचा तो त्या दिवशी. हिवाळ्यात गुऱ्हाळं पेटली की दुपारच्या सुट्टीत निम्मा वर्ग काकवी खाऊन यायचा आणि पाचव्या तासाला पेंगायचा. कालव्यात पोहायला जाणाऱ्या मुलांची केसं ओली दिसली की पी.टी.चे सर प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढायचे.

तुमच्या उपनगरातल्या शाळेबद्दल लिहा. कुठल्याही वर्षाचं, कुठल्याही माध्यमाचं. वर्गाचे फोटो, हस्तलिखितं, प्रगतिपुस्तकं, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, काहीही.

भोंगावस्ती :

फार गरजेचा धागा, ताई. मी खडकीचा.

खडकीची गोष्ट हडपसरपेक्षा वेगळी. आमच्याकडे शेतं नव्हती, फॅक्टरी होती. अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, आणि भोवती कॅन्टोन्मेंट. त्यामुळे आमच्या वर्गात मराठी घरांइतकीच तमिळ, तेलुगू, उत्तरेकडची घरं. मराठी माध्यमाच्या शाळेत नायडू आणि पिल्ले आडनावांची मुलं ‘कणा’ आणि ‘काना’ यात गोंधळ न करता शुद्धलेखनात पहिली यायची, कारण ती भाषा घरी नसल्यामुळे शिकून घेत होती. घरी ऐकून येणारे आम्हीच चुका करायचो.

घड्याळ कुणाकडे नव्हतं. फॅक्टरीचा भोंगा झाला की आई डबा भरायला घ्यायची, दुसरा झाला की आम्ही निघायचो. वडील पहिल्या पाळीला असले तर डबे दोन, दुसऱ्या पाळीला असले तर पालकसभेला वडील येणार म्हणून पोटात गोळा.

आणि हॉकी. बाहेरच्या लोकांना खडकी म्हटलं की दारूगोळा आठवतो, आम्हाला मैदान. धनराज पिल्ले खडकीचा, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला. त्याचे वडील तिथल्या मैदानाची देखभाल करायचे. तुटलेल्या काठ्या दोरीने आवळून पोरं खेळायची हे तो स्वतः मुलाखतींत सांगत आलाय. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने तसल्या काठ्या वापरल्या. शाळेत स्टिका मोजक्याच, त्या सामन्यांसाठी कपाटात. सरावाला ज्याची त्याची. अभ्यासात मागे असलेली कितीतरी मुलं हॉकीच्या जोरावर रेल्वेत, लष्करात, बँकेत लागली. शाळेच्या इतिहासात निकालाची टक्केवारी येईल, पण ही नोकऱ्यांची यादी यायला हवी.

निळीशाई :

माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून. दोन्ही काकांचीही १ जून. आत्याचीही. गुरुजींनी दाखल करून घेताना वय अंदाजे धरलं आणि तारीख १ जून टाकली.

मैलाचादगड :

आमच्या अख्ख्या वर्गाची हीच कथा. मतदार यादीत बघा, १ जूनवाले किती निघतात ते.

हिंगणेबुद्रुक :

कालवाकाठ ताई, एक भर घालते. उपनगरातल्या सगळ्याच शाळा संस्थांनी ‘शहराकडून गावाकडे’ नेल्या असं नाही. काही शाळा शहराने थारा दिला नाही म्हणून बाहेर आल्या.

आमचं हिंगणे, आताचं कर्वेनगर. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. विधवेशी लग्न केलेला माणूस, त्याच्याकडे आपल्या विधवा मुली पाठवायच्या, हे त्या काळच्या पुण्याला सहन होण्यासारखं नव्हतं. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला जागा दिली आणि १९०० मध्ये तिथं एक झोपडी उभी राहिली. आज जिथं सिग्नलला दहा मिनिटं जातात तिथं तेव्हा माळरान होतं, रस्तासुद्धा नव्हता. अण्णा (म्हणजे कर्वे) फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि कॉलेज सुटल्यावर चालत हिंगण्याला यायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, परदेशीही गेल्या. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं तेही इथूनच.

माझी आजी तिथं शिकली. बालविधवा होती. तिने सांगितलेलं मला सगळं आठवतं, पण एकच लिहिते. आश्रमात आल्यावर पहिल्या दिवशी तिला पाटी मिळाली आणि त्या पाटीवर तिचं नाव कुणीतरी लिहून दिलं. घरी तिला नावाने हाक मारणं बंद झालं होतं. ते नाव तिने रात्रभर पुसलं नाही.

नंतरच्या पिढीत मी तिथल्याच आवारात शाळेत गेले. तोवर मुलींच्या सायकली इतक्या झाल्या होत्या की स्टँडवर एक सायकल काढली की दहा पडायच्या. माझ्यासाठी ती शाळा साधीच होती, गॅदरिंग, खो-खो, चाचणी, सहामाही. आजीसाठी ती काय होती हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

खडूफळा :

माध्यमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो. उपनगरातल्या तीन वेगवेगळ्या शाळांत नोकरी झाली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पुष्कळांना हे नीट माहीत नसतं की आपल्याकडे प्राथमिक शाळा सरकारी आणि हायस्कूल संस्थेचं, अशी विभागणी का झाली. याचं मूळ १८५४ च्या वुडच्या खलित्यात. सरकारने स्वतः शाळा काढत बसण्यापेक्षा लोकांनी काढलेल्या शाळांना अनुदान द्यावं, हे धोरण तिथून आलं. महापालिका आणि जिल्हा परिषदेने मुख्यतः सातवीपर्यंतची जबाबदारी घेतली, पुढचं संस्थांवर राहिलं. शिक्षकाचा पगार सरकार देणार, इमारत आणि बाकीचं संस्था बघणार. म्हणून आपली अनुदानित हायस्कुलं नावाने खासगी असली तरी कामाने सार्वजनिक आहेत. ज्याला कुठेच प्रवेश नाही त्याला तिथं प्रवेश आहे.

शाळेत मुलं टिकली त्यात फी-माफीचा वाटा मोठा. यशवंतराव चव्हाणांच्या काळात १,२०० रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत मिळाली. जूनमध्ये ई.बी.सी.चे फॉर्म भरून घेणं हे वर्गशिक्षकाचं पहिलं काम. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला लागायचा. पालकांना फॉर्म वाचता येत नसे, मग आम्हीच लिहायचो आणि खाली अंगठा घ्यायचो. शाईचा पॅड आमच्या टेबलावर कायम उघडा. पोरगं बापाचं बोट धरून पॅडवर दाबायचं, आणि शेजारच्या रकान्यात स्वतःची सही करायचं. मी हे किती वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी लिहिणं थांबवून बघायचो.

१९७५ हे वर्ष कुणी विसरू नये. तोवर अकरावीची मॅट्रिक होती. त्या मार्चमध्ये नव्या १०+२+३ आकृतिबंधाची पहिली दहावी बसली. नवीन गणित, नवीन विज्ञान, शिकवणाऱ्या आम्हालाच उन्हाळ्यात प्रशिक्षणाला बसवलं होतं. बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली होती, त्यामुळे पुस्तकं तरी सगळीकडे एकच आणि परवडणारी. पुढे अकरावी-बारावी शाळांना जोडली गेली आणि उपनगरातल्या कितीतरी पाट्यांवर ‘व कनिष्ठ महाविद्यालय’ वाढलं. मुलींसाठी हे फार मोलाचं ठरलं. गावातली शाळा म्हणून दहावीपर्यंत पाठवणारे वडील त्याच फाटकातून बारावीपर्यंत पाठवायला तयार झाले, डेक्कनच्या कॉलेजात पाठवायला झाले नसते.

आता आजचं. जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, नंतर सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले, तरी भोवतालच्या सोसायट्यांतली मुलं इंग्रजी माध्यमात गेली. पट उतरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे मे महिन्यात शिक्षक वस्त्यांमधून दारोदार फिरतात. मीही फिरलो. बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन ‘पोराला शाळेत घाला, पुस्तकं आम्ही देतो’ म्हणून सांगितलं. हे काम हलकं आहे असं मला कधी वाटलं नाही. संस्थापकांनी हेच केलं होतं. वाईट वाटतं ते नवीन लागलेल्या शिक्षकांचं. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षं मानधनावर. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला ते मानधन २०२३ पासून १८,००० रुपये झालं, त्याआधी त्याच्या निम्म्याहूनही कमी होतं. बी.एड. झालेला मुलगा पुण्यात खोली भाड्याने घेऊन त्यात कसा राहायचा ते मी स्टाफरूममध्ये बघितलंय.

मांजरीफार्म :

धागा वाचतेय आणि आवडतोय. पण रजिस्टरात जे आहेत त्यांच्याबद्दल लिहिताना जे नाहीत त्यांच्याबद्दलही लिहावं, असं मनापासून वाटतं.

आमच्या मांजरीच्या बाजूला ऊस. ऊस आला की तोडणीला माणसं यायची, खोपी पडायच्या. त्यांची मुलं दिवाळीनंतर दिसायची आणि उन्हाळ्यात नाहीशी व्हायची. आम्ही शाळेत जाताना ती वाढं (उसाचे शेंडे) वाहत असायची, बघायची आमच्याकडे. त्यांतलं एकही नाव आमच्या हायस्कूलच्या रजिस्टरात नसणार, ही मला खात्री आहे. वीटभट्टीवरची, दगडखाणीतली मुलंही तशीच. वाघोलीकडे खाणी होत्या, तिथली पोरं आठवीपर्यंत पोचायचीच नाहीत.

दुसरं मुलींचं. ताई, तुम्ही ‘शेतीकामासाठी’ आणि ‘परिस्थितीमुळे’ लिहिलंत. ‘लग्न’ किती ठिकाणी आहे बघितलंत का? माझ्या मोठ्या बहिणीची नववीतली मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर आली नाही. बाईंनी हजेरी घेताना दोन-तीन दिवस तिचं नाव पुकारलं, मग लाल रेघ मारली. मुलीच्या लग्नाचं वय कायद्याने १८ झालं ते १९७८ मध्ये, पण गावात ते पोचायला पुष्कळ वर्षं लागली. आमच्या बाईंनी मात्र एकदा एका मुलीच्या घरी जाऊन तिच्या आजीशी दोन तास वाद घातला होता, आणि ती मुलगी दहावीला बसली. पुढे ती नर्स झाली. त्या बाईंचं नाव इथं लिहीत नाही, पण शाळेच्या इतिहासात एखाद्या देणगीदाराइतकी जागा त्यांना मिळायला हवी.

आणि सगळ्या गावाने मिळून शाळा उभी केली म्हणतो तेव्हा पाण्याच्या माठाचीही आठवण ठेवावी. कुणी वरून ओतायचं आणि कुणी ओंजळ धरायची, हे आमच्या आईच्या शाळेत ठरलेलं होतं.

कालवाकाठ :

मांजरीफार्म ताई, बघितलं. ‘लग्न’ असं स्पष्ट लिहिलेलं कमी आहे. ‘घरकामासाठी’ आणि ‘गैरहजर, सबब नाव कमी’ खूप आहे, आणि त्या नोंदी दिवाळीनंतर आणि मे महिन्याच्या तोंडाला जास्त येतात. लग्नसराई कधी असते ते आपल्याला माहीत आहे. तुमचा मुद्दा स्मरणिकेत स्वतंत्र प्रकरण म्हणून घ्यायचा, असं मी आमच्या गटाला सांगणार आहे. तुम्ही लिहाल का? ऊसतोडीच्या मुलांबद्दलही. रजिस्टरात नसलेल्यांची माहिती आठवणीतूनच मिळणार.

हिंगणेबुद्रुक ताई, आजीच्या पाटीबद्दल वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

गोखलेनगरचा :

आमची शाळा आणि वस्ती दोन्ही पानशेतच्या पुरातून आली. १२ जुलै १९६१. नदीकाठचं घर गेलं, मग पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या निसेन हटमध्ये आजोबा-आजी पाच मुलांना घेऊन राहिले. पत्र्याचं अर्धगोल छप्पर, उन्हाळ्यात आत भाजायचं, म्हणून मुलं संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात अभ्यासाला. वडिलांचा जुना दाखला पुरात वाहून गेला होता. नवीन शाळेत प्रतिज्ञापत्रावर नाव घातलं. पूर्वीच्या शाळेच्या रकान्यात काय लिहिलं असेल ते बघायची फार इच्छा आहे.

दुसरीपाळी :

मी पिंपरीची. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली आणि त्यामागोमाग कारखाने येत गेले. शाळाही कारखान्यांसारखी पाळ्यांत चालायची. सकाळी मुली, दुपारी मुलं. एकाच बाकाची सकाळची मालकीण वेगळी आणि दुपारचा मालक वेगळा. बाकावर कर्कटकाने कोरलेली भांडणं चालायची, सकाळी एक ओळ, दुपारी तिचं उत्तर. भांडणाऱ्यांनी एकमेकांना बघितलेलंसुद्धा नसायचं.

डिसेंबरातलं गॅदरिंग म्हणजे सगळ्या पिंपरीचा कार्यक्रम. मंडपाला वर्कशॉपमधले वडील लोक वेल्डिंग करून द्यायचे, लाइटचं काम कुणाचे तरी मामा. शेलापागोट्यांत, म्हणजे गमतीच्या पदव्या वाटताना, सरांनाही सोडायचे नाहीत. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना आमच्या शाळेतून एवढी मुलं बसायची, कारण ड्रॉइंग येत असेल तर आय.टी.आय.ला आणि पुढे टूलरूमला बरं पडतं हे घरोघरी ठाऊक होतं. १९८२ ला पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली. पण त्याआधीची ओळख विचाराल तर ‘कुठल्या कंपनीतले?’ आणि ‘कुठल्या शाळेतली?’ हे दोनच प्रश्न.

खराडीबायपास :

प्रश्न विचारायला लिहितोय. आमचं गाव १९९७ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. २०१७ ला आणखी ११ गावं गेली, २०२१ ला २३. जिल्हा परिषदेच्या शाळा महापालिकेकडे आल्या. या अदलाबदलीत जुनी रजिस्टरं कुठे जातात? माझ्या आजोबांचा प्रवेश निर्गम उतारा (शाळेत दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची नोंद) हवा आहे, जात पडताळणीसाठी. शाळेची जुनी इमारत पाडून नवीन झाली. शिपाई म्हणतो पोती भरून कुठंतरी ठेवलीत. हायस्कूलचं सापडलं, कारण संस्था तीच राहिली. प्राथमिकचं सापडत नाही.

खडूफळा :

खराडीबायपास, आधी हे लक्षात घ्या की जनरल रजिस्टर हे कायमस्वरूपी जतन करायचं दप्तर आहे. हजेरीपत्रकं, किरकोळ पत्रव्यवहार ठरावीक वर्षांनी नष्ट करता येतो, जनरल रजिस्टर नाही. ‘जुनं झालं, रद्दीत गेलं’ हे उत्तर कुणी दिलं तर ते मान्य करू नका.

प्राथमिक शाळेचं असेल तर पहिला अर्ज सध्याच्या मुख्याध्यापकांकडे द्या, पोच घ्या. तिथं नसेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, आणि त्याच वेळी हवेली पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. वर्ग झालेल्या किंवा बंद पडलेल्या शाळेचं दप्तर पुष्कळदा केंद्रशाळेत सापडतं. दोन्हीकडून लेखी ‘उपलब्ध नाही’ आलं तरच पुढचं बघायचं. पडताळणीला पुरावा कुठल्या वर्षाआधीचा लागतो तेही आधी बघा. अनुसूचित जाती-जमातींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि ओ.बी.सी.ना १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरतात. फार जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा अनेक शाळांनी पहिल्यांदाच ही कपाटं उघडली. त्यानंतर काही ठिकाणी स्कॅनिंगही झालंय, तेही विचारा.

गोखलेनगरचा, तुमच्या वडिलांची नोंद त्यांच्या शाळेतून रीतसर अर्ज केल्यावर मिळेल. प्रतिज्ञापत्रावर प्रवेश असेल तर बहुधा शेरा असतो.

कालवाकाठ ताई, तुमच्या गटासाठी दोन गोष्टी. रजिस्टराच्या पानांचे फोटो इथं किंवा व्हॉट्सअॅपवर टाकू नका. त्यात जात आहे, जन्मतारीख आहे, आणि ‘वर्तणूक’ रकान्यात एखाद्याबद्दल पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेलं काहीतरी असतं, ते त्याच्या नातवाने तिथं वाचू नये. जन्मगाव, प्रवेशाचं वर्ष आणि सोडल्याचं कारण एवढंच नावाशिवाय उतरवून घ्या, तुमच्या कामाला तेवढं पुरेल. आणि पानं उलटताना थुंकी लावायची सवय असेल तर आवरा, ती शाई ओलाव्याने फुटते. धुतलेले कोरडे हात, सावलीतला उजेड, आणि फोटो काढायचे तर फ्लॅश बंद.

मांजरीफार्म :

कालवाकाठ ताई, लिहीन. बाईंना भेटून येते आधी, त्या अजून शेवाळवाडीत राहतात. त्यांची परवानगी मिळाली तर नावासकट लिहीन.

कालवाकाठ :

नक्की. सर, नावाशिवाय उतरवायचं तुमचं म्हणणं गटाला पटलं आहे, तसा तक्ता करून घेते. भोंगावस्ती, त्या हॉकीवाल्या नोकऱ्यांची यादी तुम्ही खडकीत जमवायला घेता का? ज्यांच्याकडे १९७५ च्या पहिल्या दहावीच्या वर्गाचा फोटो आहे त्यांनी इथं कळवा. त्या वर्षाचा आमच्या शाळेत एकही नाही.